सोळाव्या दिवसाची चूल

आबांना भेटायचं असेल तर दार वाजवून काही उपयोग नसे. आधी वर बघायचं. वाडीतल्या ज्या घराच्या कौलांतून धूर निघत असेल, त्या घरात आबा. काल सगळ्यात वरच्या घरातून निघाला असेल तर आज त्याच्या खालच्या, उद्या त्याच्याही खालच्या. आणि धूर कुठूनच दिसला नाही तर आबा रेंजच्या कातळावर बसून मुंबईला फोन लावत असणार, हे समजून जायचं.

मी आरोग्यसेविका, वाडीच्या भाषेत नर्सबाय. मूळची मिठबावची, म्हणजे डोळे उघडल्यापासून समुद्र बघितलेली. नेमणूक मिळाली ती मात्र पार डोंगराच्या पायथ्याला. उपकेंद्रापासून वाडीपर्यंत चार किलोमीटर लाल मातीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना नुसतं रान. पहिल्या दिवशी स्कूटीवरून निघाले तर वाटेत एकही माणूस दिसेना. दिसला तो गवा, रस्त्याच्या मधोमध उभा. मी गाडी बंद केली आणि रडायला सुरुवात केली. तेवढ्यात झाडीतून आवाज आला, "रडा नको गो बाय. तो जाता. तेका घाई नसता, इतक्याच." गवा खरंच गेला. मग झाडीतून लाकडाची मोळी बाहेर आली आणि मोळीखालून आबा.

वाडीत एकवीस घरं. त्यातली सहा उघडी, आणि आबांचं सोडलं तर त्या सगळ्यांत गॅस. बाकीच्या पंधरा घरांतली माणसं मुंबईला, पुण्याला, कुणी कणकवलीत फ्लॅट घेऊन. चतुर्थीला पाच-सात दिवस येतात, मे महिन्यात काजू-आंब्यापुरती येतात आणि जाताना चावी आबांच्या हातात देतात. चावी ठेवणारा शेजारी कोकणात सगळीकडेच असतो. पण तो चावी खिळ्याला लावून विसरून जातो. आबा विसरत नसत. त्यांचं म्हणणं असं, की घराला धूर लागतो. चूल पेटली नाही की वाशांना वाळवी चढते, वटवाघळं संसार थाटतात आणि दोन पावसाळ्यांत कौलं खाली येतात. म्हणून आबांनी नियमच करून टाकला होता. स्वतःचं धरून सोळा घरं, एका दिवशी एका घरात चूल पेटवायची, सकाळच्या चहा-पेजेपासून रात्रीच्या भातापर्यंत सगळं तिथेच. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. विचारणारंही कुणी नव्हतं.

पंधरा चाव्या एका सुंभात ओवून कमरेला बांधलेल्या असत. चिठ्ठ्या वगैरे नाहीत. एका चावीला लुगड्याची चिंधी, एकीला शेळीच्या गळ्यातली घुंगरी, एकीला शाळेच्या शर्टाचं बटण. कुठली कुणाची ते त्यांच्या बोटांना ठाऊक. कुलूप काढण्याआधी ते दारात उभे राहून हाक मारत, "कोण आसा काय गो घरात?" मग जरा थांबत, आणि "येतंय हां" म्हणून आत जात.

मी एकदा म्हटलं, "आबा, कुलूप भायरसून आसा. भितर कोण आसतला?"

"कोण नसता म्हणान इचारूचा नाय? दुसऱ्याचा घर ता."

या घरांविषयी ते यजमानांविषयी बोलावं तसं बोलत. एका घरात भात हमखास करपायचा. "घरवाली तापट होती. चुलीन तिचो गुण घेतल्यान." दुसऱ्या एका घरात काहीही शिजवलं तरी गोड लागतं, म्हणून त्या घराची पाळी आली की चेहरा आदल्या दिवसापासून खुललेला. जेवण झालं की कातळावर चढून त्या त्या मालकाला फोन. तिथे दोन काड्या रेंज येते, तीही उत्तरेकडे तोंड केलं तरच. "तुमच्या घरान आज माका कुळथाची पिठी घातल्यान. बरी झाली. तुमच्या न्हाणयेत बेडूक आसा, तो मी काढूक नाय, तो आदीपासून थंयच आसा." पलीकडचा मालक ऑफिसात असो, गाडीत असो, रिपोर्ट पूर्ण ऐकावाच लागे.

त्यांच्यामुळे मी ओरोसच्या मीटिंगमध्ये एकदा चांगलीच अडकले. घरोघरचा सर्व्हे होता, मोबाईलवर फॉर्म. घर उघडं की बंद, तेवढं दाबायचं. मी पंधरा घरांपुढे 'बंद' दाबायला लागले तर आबा आडवे.

"धूर येता ता घर बंद कसा काय गो?"

"माणसां नाय मां, आबा."

"मगे मी कोण? वांदर?"

"तुमी एकटे. पंधरा घरांत कसे लिवू तुमका?"

"ज्या दिसाक ज्या घरात आसतंय, त्या दिसाक ता घर लिव. तुका कोणी घाई केल्यान?"

म्हणजे एका वाडीचा सर्व्हे मी सोळा दिवस करायचा! ऊन डोक्यावर आलेलं, पोटात भूक, आणि म्हातारा हलायला तयार नाही. वैतागून मी सोळाच्या सोळा घरांत आबांचं नाव घालून टाकलं. पुढच्या मीटिंगला साहेबांनी शुद्ध मराठीत विचारलं, "मॅडम, आपल्या वाडीत एकच ज्येष्ठ नागरिक सोळा घरांत वास्तव्यास आहे, हे कसे काय?" सगळ्या जिल्ह्याच्या नर्सेस माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "सर, धूर येतो." पुढे काय झालं ते सांगत नाही. फॉर्म रात्रभर बसून दुरुस्त केला एवढंच.

तर असा हा माणूस, आणि त्याला निघाली साखर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. साखर वाढलेली दिसली की माझं डोकं फिरतं. माझ्या वडिलांचा पाय त्यापायी गेला, म्हणून असेल. चतुर्थीच्या नंतरच्या आठवड्यात तर मी पोलिसासारखी फिरते. किती मोदक, किती पेढे, मुंबईच्या सुनेने काय आणलं होतं, सगळं कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नाही. आबांचं दुखणं निराळं होतं. बरं वाटलं की ते गोळी घेतच नसत. शेवटी मी त्यांना देवळात नेलं आणि देवासमोर वदवून घेतलं, की काही झालं तरी सकाळची गोळी चुकवणार नाही. तेव्हापासून त्यांनी एकही चुकवली नाही. साखर ताब्यात आली. मी खूश, डॉक्टर खूश.

आणि एका दुपारी आबा विहिरीच्या वाटेवर बसलेले सापडले. घामाने निथळत होते, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. यंत्र लावलं तर साखर फार खाली. मी पिशवीतली साखर जिभेवर ठेवली. दहा मिनिटांनी माणूस ताळ्यावर.

"जेवलास नाय?"

"जेवलंय तर! भात, पिठी, सगळा."

शेजारच्या काकी मदतीला धावल्या होत्या. त्यांनीही साक्ष दिली. "जेवलो गो तो. चूळ भरताना मी बघलंय. सगळ्या वाडीक आयकाक येय इतक्या मोठ्यान चूळ भरी होतो."

मला काही उमगेना. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आणि बरोबर सोळा दिवसांनी कातळावरून काकींचा फोन, आबा पुन्हा पडले, साखर चारल्यावर सावध झाले. तेव्हाही जेवलेले, तेव्हाही चूळ भरलेली. त्यांना बघून घरी आले, रजिस्टर उघडलं, दोन्ही तारखा बघितल्या, बोटांवर मोजलं. सोळा. मग काकींना विचारलं, "ह्या दोनी दिसांनी तेंचो धूर खंयच्या घरातसून येय होतो?"

"सगळ्यात खालच्या. तेच्या धाकट्या भावाच्या."

दोन भावांचं चौदा वर्षांपूर्वी बिनसलेलं. सीमेवरच्या फणसावरून म्हणतात, पण फणस निमित्त असावा. धाकटा बिऱ्हाड घेऊन डोंबिवलीला गेला तो आलाच नाही. चतुर्थीलाही नाही.

पुढच्या सोळाव्या दिवशी मी दुपारीच पोचले. खालच्या घरातून धूर छान निघत होता. पुढच्या दाराने गेले असते तर हाक मारावी लागली असती, म्हणून मागच्या पडवीतून शिरले. चूल पेटलेली. लाकडं नीट लावलेली. चुलीवर काही नाही. टोप नाही, तवा नाही, चहाचं भांडंसुद्धा नाही. आणि समोर पाटावर आबा, पाठ भिंतीला, एका हाताने लाकूड पुढे सारत, ओठ पांढरे पडलेले.

मी बिस्किटाचा पुडा काढला. त्यांनी हात धरला.

"हंय नको."

"आबा, मराक टेकलास तुमी!"

"हंय नको म्हटलंय मां."

काखेत धरून त्यांना अंगणात आणलं. अंगणातही नको, तेही भावाचंच. शेवटी हद्दीच्या मेरेपलीकडे पाणंदीत आलो. पाणंद सगळ्यांची. तिथे बसून त्यांनी चार बिस्किटं खाल्ली आणि माझ्या प्रश्नाची वाट न बघता सांगायला लागले.

"ह्या बघ. चावी देताना परत्येक जण माका तोंडान सांगता, आमच्या घरात जेव हां. एक जण सांगूक इसारलो तर पनवेलीसून तेणा फोन केल्यान. माज्या धाकट्यान चावी माज्या दाराच्या कडयेक अडकवल्यान आणि गेलो. जेव म्हणान सांगूक नाय. बिनबोलावल्या कसो जेवू?"

"चौदा वर्सां?"

"घराक धूर दितंय. तेच्यात कसूर नाय."

म्हणजे भांडण म्हणून नव्हे! मी इतका वेळ समजत होते की म्हातारा हट्टाने भावाच्या घरचं पाणी पीत नाही. तो बिचारा चौदा वर्षं आमंत्रणाची वाट बघत चुलीसमोर उपाशी बसत होता. मला रडू आलं आणि त्याच्या दुप्पट राग आला.

"मगे त्या दिसाक आपल्या घरात जेवा."

"एका माणसान दोन चुली पेटवूच्यो नाय. ती वाटणी झाली."

"काकीकडे जेवा."

"आणि सांगू काय? भावाच्या घरान उपाशी ठेवल्यान म्हणान? गावभर जायत ता." मग खाली बघत म्हणाले, "म्हणान तर चूळ भरतंय."

ती चूळ भावाच्या अब्रूसाठी होती. चौदा वर्षं हा माणूस रिकाम्या पोटाने मागच्या दारी उभा राहून जोरजोरात चुळा भरत होता, कुणी त्याच्या भावाला नाव ठेवू नये म्हणून. तोवर निभावलं, कारण तोवर पोटात गोळी नव्हती. ती मी घातली.

"बरा, त्या एका दिसाक गोळी घेव नका."

"देवासमोर वदवून घेतलंस मां? आता देवाक इचारूक व्हया."

माझंच औषध मला पाजलं! देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा, त्याला गुरव हवा, गुरवाला दिवस हवा. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "सिस्टर, तिन्ही वेळेला नशीब होतं. चौथ्या वेळी वेळेवर कुणी पोचलं नाही तर म्हातारा उठायचा नाही." ते वाक्य घेऊन मी आबांकडे गेले. निदान त्या घराची पाळी तरी सोडा म्हटलं. ते म्हणाले, "वाळवी भांडाण बघणा नाय गो."

काकींकडून डोंबिवलीचा नंबर घेतला. आबांना आधी सांगितलं असतं तर ते रानात पळाले असते, म्हणून सोळाव्या दिवशी सकाळी चूल पेटायच्या आत पोचले, कातळावर येऊन पाठीला हवा लागू द्या, तपासायचंय असं काहीतरी खोटं सांगून त्यांना वर नेलं, उत्तरेकडे तोंड केलं आणि फोन लावून स्पीकर चालू केला.

"मी उपकेंद्रातली नर्सबाय बोलतंय. तुमच्या गावसून."

"काय झाला?" पलीकडचा आवाज एकदम फाटला. "आसा मां तो?"

आबांनी पाठ फिरवली. पण गेले नाहीत.

"आसत. हंयच आसत, माज्या बाजूक."

धाकट्यांनी घसा साफ केला. "तेंका इचारा, पाठल्या पडवेच्या वाशांक वाळवी लागली काय?"

आबा आभाळाला म्हणाले, "तेका सांग, चावी माज्याकडे आसाना वाळवी लागाची नाय."

"तेंका इचारा, बावडेक पाणी आसा?"

"तेका सांग, आसा. पण रहाट मोडलो."

दोघांना दोघांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी मधे उभी राहून आपली सांगते आहे, लागली नाही, आसा, मोडलो. फणसाचीही चौकशी झाली. फणस यंदा भरपूर लागलेत हेही पोचवलं. फोनची एक काडी गेली होती.

"आता माजा आयका," मी म्हटलं. "हे तुमच्या घरात चूल पेटवतत आणि दिसभर उपाशी ऱ्हवतत. पोटात गोळी. तीन वेळा पडले. पुढच्या वेळी उठाचे नाय."

"उपाशी? कित्याक?"

"तुमी जेव म्हणाक नाय म्हणान."

धाकटे बोलले, आणि आता ते माझ्याशी बोलत नव्हते.

"चावी कडयेक अडकवलंय आणि अर्धो तास तुज्या अंगणाच्या बेड्याकडे उभो होतंय मी. बायलपोरां रिक्षात. म्हटला, तो भायर येयत, चाय घेवन जा म्हणात."

आबा गर्रकन वळले. "आणि मी दाराच्या पाठी उभो होतंय! म्हटला, हो हाक मारीत!"

"मी कशी मारतलंय हाक? मी धाकटो!"

"म्हणान तर तू मारूक व्हयी होतंस!"

"तूच भायर येवक व्हया होता!"

चौदा वर्षांनी बोलायला मिळाल्यावर दोघे पुन्हा भांडायलाच बसले. माझ्या हातातल्या फोनची दुसरी काडी लुकलुकायला लागली आणि माझा तोल गेला. मी किंचाळले. "कोणीतरी जेव म्हणा! एक शबूद! माका अजून तीन वाडयो करूच्यो आसत!"

कातळावर बसलेली दोन माकडं उठून गेली.

"जेव रे," फोनमधून आवाज आला. मग आणखी हळू, "जेव. इतक्या काय इचारूचा?"

आबांनी उपरण्याने डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले. आवाज मात्र होता तसाच ठेवला. "काय जेवू? तुज्या घरात मीठसुदा नाय."

"घेवन जा मगे मीठ. आणि वायच माज्या नावान पण जेव."

एवढ्यात फोन तुटला.

खाली आलो. तांदूळ आबांच्या घरून आले, कुळथाचं पीठ काकींनी दिलं, मिठबावहून आणलेले दोन सुके बांगडे माझ्या स्कूटीच्या डिकीत होते. त्या चुलीवर चौदा वर्षांनी टोप चढला. मी तीन वाड्यांना दांडी मारून पडवीत बसून राहिले. भात उकळल्याचा वास घरभर झाला तेव्हा आबा मधेच उठून एकदा बाहेर गेले आणि तोंड धुऊन परत आले. कशाला गेले ते मी विचारलं नाही.

जेवले ते सावकाश, मान खाली घालून. एक ताट संपलं. मग त्यांनी तेवढाच भात पुन्हा घेतला.

"आबा, भात बेतान," मी सवयीने म्हटलं.

"ह्यो तेच्या नावाचो. तेणा सांगल्यान आसा, तूच आयकलंस."

तोही संपवला. खरवडसुद्धा काढली. मग भिंतीला टेकून, चुलीकडे पाय पसरून, भावाच्या घरात पहिल्यांदा झोपले.

दोन तासांनी उठवून बोट टोचलं. यंत्रावर तीनशे बारा आले. आबांनी आकडा बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडा खायला मान खाली घालून बसले. मी आकडा रजिस्टरात लिहिला आणि हसायलाच लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी साखर बघून मी हसले, ती तेवढी एकदाच.